मागच्या खोलीतली विजया

५ जून १९७७, रविवार

आजपासून नोंदी ठेवायच्या. थोडक्यात, मुद्देसूद. भावना नकोत.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, काल पुण्याहून घरी आणलं. पोटात गाठ आहे. मोठे डॉक्टर मला बाहेर पॅसेजमध्ये घेऊन गेले. म्हणाले, कापण्यात अर्थ नाही, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, दिवाळीपर्यंत बघू. म्हणजे दिवाळीपर्यंत गुण आला पाहिजे. मुदत स्पष्ट असली की काम सोपं जातं. सुमेधा, माझी मिसेस, टॅक्सीत चिंचवडपर्यंत रडत होती. बायकांना टार्गेट दिलं की असं होतं.

दुखण्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं लिहून दिली आहेत. मी स्पष्ट सांगितलं, नशेची वस्तू आपल्या घरात येणार नाही. अण्णा आयुष्यभर हेडमास्तर होते, सुपारीचं खांडही कधी तोंडात घातलं नाही. ह्या वयात सवय लागली तर?

अण्णा म्हणाले, ‘लागू दे की. किती दिवस लागणार आहे?’

विनोदबुद्धी शाबूत. चांगलं लक्षण.

१२ जून, रविवार

एस.टी.ने चाकणला जाऊन आलो. आबाजी वैद्य. वय फार, दात नाहीत, पण नाडीला हात न लावता नुसतं ऐकून सगळं ओळखलं. म्हणाले, ‘गाठ काय जायाची न्हाई, पोरा. पन दुखनं हलकं व्हईल, झोप लागंल, चार घास जातील.’ वैद्य लोक मुद्दाम कमी सांगतात. खात्रीचं औषध असलं की बोलणं नम्र होतं.

औषधाचं नाव विजया. ताजी हवी, बाजारातली नको. एका पुडीत बी दिलं आणि म्हणाले, ‘माजं नाव कुटं घिऊ नगंस.’ प्रसिद्धीची हाव अजिबात नाही.

घरी येऊन सुमेधाला सांगितलं. तिने पुडी उघडली, वास घेतला, म्हणाली, विजया कसली, हा गांजा आहे. पोलीस धरतात ह्याला.

तिला समजावलं. गांजा म्हणजे बैरागी लोक ओढतात तो. हीच वस्तू सुशिक्षित माणसाने शास्त्रीय पद्धतीने वाढवली, वेळेवर छाटली आणि नेमकी तयार झाल्यावर काढली, की तिला विजया म्हणतात.

ती म्हणाली, आणि पोलिसांना कोण समजावणार?

संकल्प : सुमेधाशी तांत्रिक विषयावर बोलायचं नाही.

२९ जून

मागची खोली रिकामी केली. ट्रंका पलंगाखाली. ही खोली अण्णांच्या खोलीला लागूनच आहे, मध्ये फक्त पत्र्याचं पार्टिशन. औषध आणि रोगी शेजारी शेजारी, सोयीचं. खिडकीला घोंगडी ठोकली. कंपनीच्या भंगारातल्या ट्यूबच्या पट्ट्या दुरुस्त करून छताला लावल्या. डालड्याच्या डब्यांना भोकं पाडून माती भरली. उगवण उत्तम.

खोलीचं दार लावलं की फटीतून पांढरा उजेड बाहेर येतो. सुमेधा म्हणते, घरात मयत ठेवल्यासारखं वाटतं. तिची शब्दांची निवड मला आवडत नाही.

वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. अर्जुनराव. उंच, मिशा, कमी बोलतात. जिन्यात भेटले. कुठे असता विचारलं तर म्हणाले, सरकारी नोकरी. संध्याकाळी सुमेधाने त्यांच्या मिसेसकडून माहिती काढली. दारूबंदी खात्यात आहेत.

संकल्प : अर्जुनरावांशी संबंध चांगले ठेवायचे, पण जिन्यापुरते.

१७ जुलै, रविवार

छाटणीला प्रारंभ.

इथे माझा कंपनीतला अनुभव कामी येतो. गिअर हातात घेतला की पास का रिजेक्ट, मला मोजण्याआधी कळतं. इन्स्पेक्शनमध्ये नजर तयार व्हावी लागते. आज प्रत्येक झाड त्याच नजरेने पाहिलं. जी उंच, तरतरीत, भराभर वाढणारी, ती पास. जी बुटकी, दाट, सावकाश चाललेली, ती रिजेक्ट. उपटून मागच्या नाल्यात टाकली. आता खोली कशी मोकळी दिसते. राहिलेली झाडं शाळेतल्या हुशार मुलांसारखी ताठ उभी आहेत.

भीमराज आला होता. आमच्याच डिपार्टमेंटला आहे, पिंपरीत राहतो. बरोबर मिसेस कस्तुराबाई. त्या नर्स आहेत. भीमराजला खोली दाखवली. तो बराच वेळ दारात उभा राहिला. मला वाटलं थक्क झाला. मग म्हणाला, ‘हरीभाऊ, हे राहू द्या राव. अण्णांपाशी बसत जा जरा.’

बसून रोग बरा झाला असता तर दवाखान्यात नुसती बाकडी ठेवली असती. त्याला तसं म्हटलं नाही. माणूस मनाने चांगला आहे.

कस्तुराबाई तेवढा वेळ अण्णांच्या खोलीत होत्या. बाहेर आल्या त्या सुमेधाला घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या. लोणच्याबिणच्याचं काहीतरी असावं.

१ ऑगस्ट

संध्याकाळी अण्णा ओरडले. आधी कधी ओरडले नव्हते. मी पट्टीची वायर सांधत होतो, हात सरकला, शॉक बसला. थोडक्यात वाचलो.

सुमेधा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद द्या म्हणाली. मी म्हटलं, आणखी थोडं थांब, माझं औषध तयार होतंय. घाईत काढलं तर वाया जाईल. ती म्हणाली, तुमचं औषध तयार होईपर्यंत त्यांनी काय करायचं?

मी कपाटाची किल्ली पाटावर ठेवली आणि मागच्या खोलीत गेलो. माझी किल्ली ठेवायची जागा तीच आहे. त्यात दुसरा अर्थ नाही.

ओरडण्यात जोर होता. जोर आहे म्हणजे ताकद आहे.

१५ ऑगस्ट

यश! पहिलं यश!

सात-आठ दिवस झाले, अण्णा शांत झोपतात. छाटलेल्या पानांचा काढा मी रोज सकाळी कामावर जाण्याआधी पेल्यातून त्यांच्या उशाशी ठेवतो. संध्याकाळी पेला रिकामा. अण्णांना काढ्याबद्दल विचारलं की म्हणतात, ‘खाली उतरतो बुवा.’ कुठे खाली, ते विचारलं नाही. पलंगाच्या खालची शहाबादी फरशी हिरवट झाली आहे. ओल आली असणार.

आज कंपनीतलं झेंडावंदन आटोपून लवकर घरी आलो, तर कस्तुराबाई जिन्यापाशी चपला घालत होत्या. पांढरी पिशवी हातात. अण्णांना भेटायला आले होते म्हणाल्या. लोकांना किती माया असते. आत स्टोव्हवर एका पातेलीत सिरिंज उकळत होती. सुमेधा बघतच राहिली माझ्याकडे. मीच म्हटलं, तुझा अशक्तपणा मला दिसत होता, बी-कॉम्प्लेक्स घेतेस ते बरं करतेस.

ती पातेलीकडे वळली. मी कधी कधी फार समजूतदारपणे वागतो.

२८ ऑगस्ट, रविवार

वासाचा प्रश्न.

झाडं छातीपर्यंत आली. वास आता खोलीत मावत नाही. शर्टाला येतो, भाताला येतो. काल बसमध्ये एक दाढीवाला माणूस माझ्याशेजारी मुद्दाम येऊन बसला आणि उतरताना त्याने मला नमस्कार केला.

उपाय म्हणून सकाळ-संध्याकाळ धूप जाळतो. त्याचा भलताच परिणाम झाला. शेजारच्या सुभद्राबाई खण-नारळ घेऊन आल्या. म्हणाल्या, मागच्या खोलीत कुठल्या देवीची स्थापना केलीत, उजेड दिसतो, धुपाचा वास येतो, जरा दर्शन घेऊ द्या. मी म्हटलं, सोवळं कडक आहे. त्यांनी दारालाच कुंकू लावलं आणि अण्णांसाठी नवस बोलून गेल्या.

रात्रीच्या जेवणाआधी अर्जुनराव जिन्यात. कसला वास हो, म्हणाले. मी म्हटलं, कढीलिंब. ते म्हणाले, ‘फार आहे कढीलिंब.’ आणि हसले. हसताना मिशा हलल्या नाहीत.

संकल्प : जिना वापरायचाच नाही. पण आपण तळमजल्यावर राहतो, त्यामुळे तो तसाही वापरायला लागत नाही. मग मी जिन्यात का असतो? लक्ष ठेवायला. बरोबर.

१८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. यंदा साधाच केला.

अण्णांचं शरीर हलकं होतंय. पोटाची सूज सोडून बाकी सगळी सूज उतरली असावी. बोटातली अंगठी गळून पडली, सुमेधाने दोरा गुंडाळून परत घातली. दाढी करून दे म्हणाले. केली. गाल आत गेल्याने वस्तरा नीट लागत नाही. अण्णा म्हणाले, ‘आतून फुगवू का गाल?’ आणि फुगवले. लहानपणी मी फुगवायचो तसे. मला एकदम बाहेर जावंसं वाटलं. झाडांना पाणी घालायची वेळ झालीच होती.

जाताना म्हणाले, हरी, पेपर वाचून दाखव. डोळे दमतात हल्ली. मी म्हटलं, पुढच्या रविवारी निवांत वाचू. अग्रलेखासकट.

२५ सप्टेंबर, रविवार

पेपर राहिला. पानांवर बारीक जाळी धरली होती. एकेक पान ओल्या फडक्याने पुसण्यात दिवस गेला. कामं करणाऱ्याला रविवार नसतो.

९ ऑक्टोबर, रविवार

फुलोरा!

उंच झाडांच्या शेंड्यांना झुपके आले. बारीक, हिरवट, घोसासारखे लोंबतात. इन्स्पेक्शनचं भिंग घरी आणलं आहे, त्यातून पाहिलं. एकेक कळी घुंगरासारखी. काढायची वेळ ओळखणं हीच खरी कला. लवकर काढलं तर कस कमी, उशीर झाला तर गेलं. कुठेही चूक होणार नाही.

सुमेधा दारातून म्हणाली, ते बोलावतायत. पेपरचं असेल. येतो म्हटलं.

नंतर गेलो तर झोपले होते. तोंड उघडं. ओठांना सुमेधाने पाण्याचा बोळा लावला. मी पाच मिनिटं उभा राहिलो. झोप चांगली लागते. औषधाचा गुण.

१७ ऑक्टोबर

घुंगरं फुटली. बोट लावलं की पिवळी पूड पडते. हाच अर्क असणार. सगळा जीव झाडाने इथे आणून ठेवलाय. कागदावर झटकून घेतली, मधात कालवली, अण्णांना चाटवली. फार शिंकले. शिंकताना पोट धरलं. छाती मोकळी होते आहे.

सुमेधाने माझ्या हातातली वाटी घेतली आणि मोरीत पालथी केली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

कंपनीत आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. माझ्याकडून पास होऊन गेलेले गिअर परत आले आहेत. म्हणे लक्ष नाही तुमचं. मी म्हटलं, घरी एक मोठं काम अंतिम टप्प्यात आहे. ते म्हणाले, कळलंय मला, रजा घ्या, वडिलांजवळ राहा. मी ‘मोठं काम’ म्हटलं होतं, वडील म्हटलं नव्हतं. लोक फार अर्थ काढतात.

२३ ऑक्टोबर, रविवार

वाईट दिवस.

अर्जुनराव खाली आले. युनिफॉर्ममध्ये नव्हते, बनियन आणि लुंगी. सुमेधाने दार उघडलं आणि बाजूला झाली. तिने अडवायला हवं होतं. ते सरळ मागच्या खोलीपर्यंत गेले, सुभद्राबाईंच्या कुंकवाकडे बघितलं, आणि दार ढकललं.

मी म्हटलं, झेंडू आहे. दिवाळीसाठी.

त्यांनी एका झाडाचा शेंडा हातात घेतला, चुरगाळला, पिवळी बोटं लुंगीला पुसली. मग म्हणाले, ‘हरीभाऊ, अशी झाडं मी गाड्या भरभरून जाळली आहेत. हे सगळे नर आहेत. ह्यांना काही धरत नाही. माल मादीला येतो. ती बुटकी असते आणि उशिरा येते.’

मी म्हटलं, बुटकी रिजेक्ट केली.

ते म्हणाले, ‘मग झालं तर.’ थोडा वेळ पार्टिशनकडे पाहत उभे राहिले. पलीकडे अण्णा कण्हत होते. मग हळू आवाजात म्हणाले, खात्यात तोंडी तक्रार आली आहे, वासाची. मी दिवाळी होईपर्यंत लांबवतो. काढून टाका. मी इथे आलो नाही, मी काही बघितलं नाही.

जाताना अण्णांच्या खोलीत गेले. चप्पल काढून. मी पार्टिशनला कान लावला नाही. पण ते अण्णांच्या पायाशी बसल्याचं खुर्चीच्या आवाजावरून कळलं. बराच वेळ बसले. परका माणूस इतका वेळ काय बसतो?

२४ ऑक्टोबर

विचार केला. अर्जुनराव सरकारी माणूस. त्यांना झाडं जाळण्याचा अनुभव आहे, वाढवण्याचा नाही. दोन्ही वेगळी शास्त्रं. शिवाय इतकी झाडं आहेत, एखादं तरी मनावर घेईल. भिंगातून रोज पाहायचं. आठ-दहा दिवसांत चित्र पालटेल.

संकल्प : निराश व्हायचं नाही.

३० ऑक्टोबर, रविवार

सोलापूरहून शैला आली. माझी धाकटी बहीण. दिवाळीला माहेरी यायला आवडतं तिला. मुलांना आणलं नाही, हे मात्र चमत्कारिक. सुमेधाने तार केली होती म्हणे. मला न विचारता.

शैला आल्या आल्या अण्णांच्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती माझ्या गळ्यात पडून रडली. तिला म्हटलं, अगं, दिवाळीपर्यंतची मुदत आहे अजून. तिने माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी पाणी आणायला गेलो.

कस्तुराबाई आता मी घरी असतानाही येतात. उघडपणे. अण्णांच्या खोलीत जातात, दार लोटतात, बाहेर येऊन हात धुतात. मी विचारत नाही. त्या सांगत नाहीत. आमचा चांगला समन्वय आहे.

अण्णा दोन दिवस फक्त पाणी घेतात.

पानं पिवळी पडून गळताहेत. झुपके वाळले. पिकण्याची हीच खूण असावी.

८ नोव्हेंबर, मंगळवार

रजेवर होतो. सकाळी कोपऱ्यातल्या झाडाच्या एका फांदीवर काहीतरी वेगळं दिसलं. पांढरट, केसासारखं. एखाद्या झाडाने मादी व्हायचं मनावर घेतलं की काय? स्टूलवर चढून भिंग लावलं. तेवढ्यात सुमेधाने हाक मारली. मी म्हटलं, दोन मिनिटं.

पुन्हा हाक मारली नाही.

केस नव्हता. कोळ्याचं जाळं होतं.

उतरून गेलो. शैला एका बाजूला, सुमेधा एका बाजूला. कस्तुराबाईंनी अण्णांचा हात छातीवर ठेवला होता आणि त्या घड्याळाकडे बघत होत्या. मी विचारलं, झोपले का?

उटण्याचा वास कुठून तरी येत होता. शेजारी मुलं टिकल्या फोडत होती.

१० नोव्हेंबर

परवाची नोंद राहिली ती पूर्ण करतो.

माणसं यायला लागणार, आणि मागच्या खोलीतून तो वास. मी अण्णांच्या उशाशी बसलो होतो, मला उठवेना. भीमराज आणि अर्जुनराव दोघे मागे गेले. झाडं मुळासकट उपटल्याचा आवाज येत होता. अर्जुनरावांनी आपल्या हातांनी पोत्यात भरली आणि नाल्याकडे नेऊन जाळली. धूर वळून घरात आला. सुभद्राबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, देवीने धूप दिला हो.

कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं आणि ते थांबेना. भीमराजने मला मागच्या ओट्यावर नेऊन पाठीवर हात ठेवला. ‘हसा हरीभाऊ, हसा,’ म्हणत राहिला. मग ते हसू नाही असं माझ्याही लक्षात आलं.

२७ नोव्हेंबर, रविवार

शैला परत गेली. कंपनीत रुजू झालो. साहेबांनी मला स्टोअर्सला टाकलंय. तिथे काही तपासायचं नसतं, नुसतं द्यायचं-घ्यायचं.

दुपारी अण्णांच्या पलंगावर जाऊन बसलो. काही कारण नव्हतं. पार्टिशनच्या पलीकडे सुमेधा ट्रंका परत लावत होती. तिच्या बांगड्या, तिचा श्वास, ट्रंकेची कडी, सगळं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं, जणू ती माझ्या मांडीशी होती.

ती आत आली तेव्हा म्हटलं, इथून सगळं ऐकू येतं.

ती म्हणाली, हो. रोज संध्याकाळी तुम्ही मागे गेलात की अण्णा मला रेडिओ बंद करायला सांगायचे. म्हणायचे, हरी बोलतोय.

मी म्हटलं, मी? मी कुणाशी बोलणार तिथे?

झाडांशी बोलायचात, म्हणाली. तासतास.

मला हे माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. काय बोलायचो, विचारलं. ती पलंगाची चादर काढत होती. दुसरीकडे बघत म्हणाली, ‘एकच. अजून थोडे दिवस काढ, अजून थोडे दिवस काढ.’

मग?

‘मग काय. अण्णा इकडून म्हणायचे, काढतोय रे. हळूच. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.’